चौथाई घेर

तारळ्याच्या वर, डांबर संपतं तिथे
बांधावर आंबा आडवा पडला होता.
बुंध्यावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का,
शिक्क्यातून चीक, चिकात मुंग्या.

दादांनी पायताण काढलं.
ओंडक्यावर ते कधी पायताणानं चढले नाहीत.
का, ते मी विचारलं नाही.
खिशातून मेण लावलेली सुतळी काढली,
मध्यावर, गाठ टाळून,
लाकडाखालून घातली, वरून आणली,
टोक भिडलं तिथे चिमटीत धरली.
मग एक दुमड. पुन्हा एक दुमड.
घेराच्या चार घड्या, त्यातली एक फुटपट्टीवर.
तिला तिनंच गुणायचं, मग लांबीनं.
गोल झाड चौकोनी करायची जुनी युक्ती.

पाचवा हिस्सा त्यात मोजलाच जात नाही.
तो फळकुटांत जातो, भुशात जातो,
आमच्या चुलीत, कुणाच्या कोंबड्यांखाली.
विकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं,
रीत म्हणून तो गप्प असतो.

चिमटीचं मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.
वही माझ्याकडे, म्हणून मला दिसायचं:
घडी घालताना दादांचा अंगठा
जरासा मागं सरकायचा.
बहात्तरचा घेर सत्तर व्हायचा,
सत्तावीस घनफूट साडेपंचवीस.
दीड घनफुटात एका दाराचा उंबरा निघतो.
अकरा वर्षं मी ते आकडे लिहिले,
सुबक, खाली रेघ मारून.

शेताची वाटणी झाली, आंब्याची होईना,
म्हणून तो विकायला काढलेला.
दोघे दीर मोबाइलवर गुणाकार करत उभे.
द्वारकाबाई डहाळ्यांच्या ढिगाशी बसून
सरपणाची मोळी बांधत होत्या.
"सत्तर," दादा म्हणाले. मी लिहिलं.
भाव ठरला, साडेतीनशे.
दादांनी पैशाच्या पिशवीची नाडी सोडली,

तेव्हा त्या उठल्या.
"आत कडी हाय, बरं का.
आमच्या मालकांनी ठोकलेली, बैल बांधाया.
झाडानं गिळली. इथं."
आणि सालीवर तळवा ठेवला,
जिथे बघायला काहीच नव्हतं.

"वयनी, तुमाला कुणी इचारलं?" धाकटा दीर म्हणाला.
मोठा नुसता आभाळाकडे बघत राहिला.
लोखंड लागलं तर आमचा पट्टा फाटतो,
दात उडून छपराच्या पत्र्यात घुसतात.
लोखंडाच्या मालाला गिऱ्हाईक निम्मा भाव देतं.
हे तिथे सगळ्यांना माहीत होतं,
बाईंनाही.

दादा काही बोलले नाहीत.
पिशवी माझ्याकडे दिली,
पुन्हा ओंडक्यावर चढले,
पुन्हा सुतळी घातली, खालून, वरून.
दुमड. दुमड.
अंगठा होता तिथेच राहिला.

"बहात्तर."

मी त्यांच्याकडे बघितलं.
"खोड की," ते म्हणाले.
वहीत तेवढी एकच खाडाखोड आहे.

उंब्रजला आल्यावर बाईंच्या तळव्याच्या खुणेभोवती
दोन फुटांचा तुकडा हातकरवतीनं वेगळा केला.
ट्रॅक्टरवाल्याची मजुरी धरून त्या मालात
आम्ही तोट्यात गेलो. आईनं दोन दिवस
दादांशी भाजीपुरतं बोलणं ठेवलं.

आणि पुढच्याच आठवड्यात, नागठाण्याच्या शिरीषावर,
अंगठा पुन्हा मागं सरकला.
खोटं कशाला सांगू.

आता सुतळी खिळ्याला टांगलेली असते.
दादांचा हात थरथरतो, माप मी घेते,
स्टीलच्या टेपनं, आकडा मोठ्यानं वाचून,
विकणाऱ्याला टेपचं दुसरं टोक धरायला देऊन.
टेपला दुमडता येत नाही.
तरी बटण दाबून ती सर्रकन आत जाते
तेव्हा माझी नजर माझ्याच अंगठ्याकडे जाते.

तो दोन फुटांचा ठोकळा वखारीच्या फाटकाला
उटी म्हणून लावलाय.
कडी अजून आतच आहे.
पावसाळ्यात त्याच्या एका अंगाला
गंजाचा तपकिरी ओघळ येतो,
आणि दादा पायताण काढून
त्यावर बसतात.