रामबाग ते सुदामानगर, व्हाया मुंबई

हिर्लेकरबाईंचा सकाळपासून तिसरा फोन:
"द्रुतात गेलं की मी इथे धा वाजवते,
ओजसला तो पोचेस्तोवर मी पुढच्या धिंवर.
तुमच्या वायरीत कुठेतरी सम सांडतेय. शोधा."

मी पलासियात, चौथ्या मजल्यावर,
हेडफोन मानेवर, चहावर साय.
काळी खिडकी उघडून माग काढायला बसते.

माग असा निघतो:
एक पाकीट सोडायचं, आयुष्य एक पाऊल.
ते पहिल्याच दारात मरतं
आणि तिथला दारवान उलट कळवतो,
तुमचं इथे संपलं हो.
मग दुसरं, दोन पावलांचं. मग तीन.
प्रत्येक जण आधीच्याहून एक दार पुढे जाऊन पडतो,
आणि या सुतकाच्या निरोपांतूनच
हळूहळू रस्ता दिसू लागतो.

पहिलं दार बाईंच्याच कपाटावर, दीड मिलिसेकंद.
दुसरं आमचं, याच इमारतीत, तळमजल्याला.
तिसऱ्यावर तीन तारका.
नवखी असताना मी इथेच बोट ठेवायचे: सापडला चोर!
आता कळतं, जो बोलत नाही
तो अडवतोच असं नाही.
काही जण निमूट पुढे पाठवतात,
फक्त आपण आहोत हे सांगत नाहीत.

चौथं मुंबई. पाचवंही मुंबई.
सहावं चेन्नई
(मी पुन्हा वाचलं. चेन्नईच.
रामबागेतल्या धाला समुद्र दिसला असणार).
मग परत वर, भोपाळ, आणि
दहावं: इंदूर, ओजसच्या कंपनीचं फाटक.
अकरावं: सुदामानगर,
प्लास्टरमधला पाय स्टुलावर, तबला शेजारी.
एकशे बारा मिलिसेकंद.

"बाई, वायर धडधाकट आहे.
तुमची कंपनी आणि त्याची कंपनी
इंदुरात एकमेकींशी बोलत नाहीत.
मुंबईला जाऊन परक्या ओसरीवर भेटतात."
"म्हणजे दोष कुणाचाच नाही?"
"कागदावर तरी नाही."
"आणि सम चुकते."
"हो."

आमच्या घरी दादा खालच्या मजल्यावर, आई वर;
तिचा सिलिंडर संपल्याचं त्याला
पुण्याच्या मावशीकडून कळतं.
हे काही मी बाईंना सांगितलं नाही.

पलीकडे बराच वेळ शांतता.
मी सवयीनं मोजत होते.
मग कापडाची सळसळ, गाठ आवळल्याचा आवाज,
डग्ग्यावर चुकून एक थाप.
"सुदामानगरला जाताना मधे काय काय लागतं गं?"
"राजमोहल्ला, महूनाका, अन्नपूर्णा."
"तीनच?"
आणि फोन ठेवला. रिक्षाचं भाडं विचारायचं राहिलं.

पडद्यावरची चौकट अजून विचारतेय:
तक्रार मिटली? हो. नाही.
मी उत्तर देत नाही.
तिला तशीच मुंबईला, पुढे पाठवते.