एका नाण्यात मावेल एवढं

तो घरी आला तेव्हा त्याला खोकं नव्हतं.
आईनं कामाच्या पिशवीतून आधी डबा काढला,
मग लोकरीचा गुंडा, मग तो,
काळा, वहीएवढा, रबरी बटणांचा.
"पी चिकटतो जरा," म्हणाली, "म्हणून स्वस्तात दिला."

डंडीच्या कारखान्यात ती घड्याळांना काटे बसवायची.
एका सोमवारी घड्याळं गेली
आणि पट्ट्यावरून हिरवे पत्रे येऊ लागले,
त्यांवर शंभर पायांचे काळे किडे.
कडेचे जोड हातानं करायचे, बारीक डाख द्यायचा.
कशासाठी, ते कुणी नीट सांगितलं नाही.

टीव्ही एकच, तो वडिलांचा.
शनिवारी फुटबॉल, मंगळवारी डार्ट्स,
उरलेल्या फटींत मी आणि स्ट्रूअन.
मी मासिकातून वाचायची, तो बडवायचा.
हा स्वल्पविराम की अर्धविराम
यावरून आम्ही जितके भांडलो
तितके पुढं आईच्या सामानाच्या वाटणीवरूनही नाही.

विजेचा मीटर जिन्याखाली होता,
पन्नास पेन्सचं नाणं खायचा.
नोव्हेंबरात, दोनशे दहाव्या ओळीवर
त्याचं पोट रिकामं झालं.
खट्.
पडद्यावर पांढरा ठिपका उरला,
मग तोही नाही.

स्ट्रूअन रडला. मी नाही रडले,
असं मी अजून सांगते.
आई भिंत चाचपत आली,
चहाच्या डब्यातलं शेवटचं नाणं हातात.
"ओळी कुठं गेल्या?" तिनं विचारलं.
कुठंच नाही, आई. वीज गेली की तो सगळं विसरतो.
ती जरा वेळ गप्प.
"रोज चारशे हाताखालून जातात माझ्या.
एकाच्याही लक्षात काही राहत नाही होय?
माझाच डाख कच्चा असेल."

मग नाणं टाकलं आणि खुर्ची ओढून बसली.
कारखान्याबाहेर पेटलेला ती पहिल्यांदाच बघत होती.
"काहीतरी छोटं करा," म्हणाली,
"एका नाण्यात मावेल एवढं."

सात ओळी.
नाव विचार. शेवटच्या अक्षरापासून उलटा चालत ये.
छाप.
(छापायचा हुकूम नेमका पी-वर. तीनदा दाबावा लागला.)
आईनं एका बोटानं, शोधून शोधून,
आपलं नाव घातलं: सेंगा.
आणि खाली उमटली
ॲग्नेस.

तिला ठाऊक होतंच की.
आपल्या आईचंच नाव उलटून ठेवलेलं,
आमच्या गल्लीत अशा तीन सेंगा होत्या.
पण ॲग्नेस तागाच्या गिरणीत बहिरी झाली,
आम्ही जन्मायच्या आधी गेली,
दगडाला पैसे नव्हते.
ते नाव कुठं कोरलेलं, छापलेलं
आईनं कधी पाहिलंच नव्हतं.
"परत कर," म्हणाली.
मग स्वतःच ॲग्नेस घातलं. सेंगा आली.
सेंगा घातलं. ॲग्नेस आली.
वडील पबमधून परतले, दारातच उभे राहिले,
डार्ट्सचं नाव काढलं नाही त्यांनी.
नाणं संपेपर्यंत चाललं हे.

पुढं एकदा तो बिघडला तेव्हा
तिनं स्वयंपाकघरातल्या सुरीनं त्याला उघडला,
चष्मा वर सरकवून आत पाहिलं,
आणि चक्क नाराज झाली.
"हा माझा नाही. इशबेलचा आहे.
ती डाख असा लोण्यासारखा थापायची."

कारखाना आता नाही. आईही नाही.
जुन्या बाजारात एखादा काळा, वहीएवढा दिसला
की मी घेते. चालतो का, विचारत नाही.
घरी येऊन स्क्रू काढते, दिवा जवळ ओढते,
कडेचे जोड बघते.

आतापर्यंत सहा.
पाच नक्की इशबेलचे.
सहाव्यावरून स्ट्रूअनशी भांडण चालू आहे.