शिष्यवृत्ती, वर्ष चौदावं

मे महिन्यात सेंट जॉन्सच्या बंदराच्या तोंडाशी
हिमनग येऊन थबकतात,
त्याच आठवड्यात अँब्रोज टिझर्ड
मेडिकल कॉलेजच्या हिशेबखात्यात येतात.
चेक पोस्टानेही चालतो,
हे मी दहादा सांगून पाहिलं.
ते टोपी काढतात, खुर्ची आधी हलवून बघतात,
मगच बसतात.

हाडाचा सुतार.
पन्नास वर्षं होड्या बांधल्या, हाडाची काडं केली,
त्या काड्यांतून जमली ती ही एवढीशी रक्कम:
लव्हिनिया टिझर्ड स्मृती शिष्यवृत्ती,
अस्थिरोग संशोधनासाठी.

लव्हिनिया हाडाच्या दुखण्याने गेली नव्हती.
ती गेली तापाने, तिकडे हॅलिफॅक्सला, एकतिसाव्या वर्षी.
पहिला फॉर्म मीच भरला, म्हणून ठाऊक.
मग हाडंच का, मी विचारलं होतं.
ते बराच वेळ खिडकीतून धक्क्याकडे बघत राहिले.
‘सात वर्षांची होती. माझ्या शिडीवरून पडली.
एक पायरी सैल होती, मला माहीत होतं.
उद्या ठोकू म्हटलं.’
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं:
वैयक्तिक.

यंदाची मुलगी नेटा पेनी, ट्रिनिटी बेकडची.
मेंढ्यांची मोडलेली हाडं कशी सांधतात
ते ती रात्र रात्र बघत बसते.
तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला,
राखाडी धुक्यात एक पांढरी गाठ.
‘लाकूड असं कधी करत नाही,’ ते म्हणाले,
‘आपण नुसतं धरून ठेवतो, खिळ्याने, सरसाने.
मोडलं ते मोडलंच.’
‘हाड करतं,’ नेटा खुलली,
‘लहान मुलांचं तर इतकं, की चार-पाच वर्षांनी
कुठं मोडलं होतं ते एक्स-रेतही सापडत नाही.’

तिच्या मते ती आनंदाची बातमी होती.

अँब्रोज अंगठ्याने टेबलाची कड चाचपत राहिले,
रंध्याआधी फळी चाचपावी तशी.
‘म्हणजे तिच्या हातात काहीच उरलं नव्हतं?’
‘बहुतेक काहीच नाही.’
‘चोवीस वर्षं,’ ते म्हणाले,
‘मी तिला डाव्या हातात पिशवी धरू दिली नाही.
लग्नातसुद्धा. फुलंसुद्धा.’

नेटाने लॅपटॉप मिटला.
बाहेर कुणीतरी गाडीच्या काचेवरचं मीठ खरवडत होतं.
मी उगाच शिक्का शाईत दाबला, पुन्हा दाबला.

उठताना त्यांनी खिशातून
देवदाराची एक चिपटी काढली,
वाकले, गुडघे कुरकुरले,
आणि माझ्या टेबलाच्या आखूड पायाखाली सारली.
कधीपासून डुलत होतं ते. मलाही सवय झालेली.

पावती न्यायची मात्र विसरले.