डबल बेल

पप्पा चर्चचे वडील होते.
हे बाहेरच्यांना सांगताना आम्ही दरवेळी अडखळायचो,
वडील म्हणजे पंच, म्हणजे तसे नव्हेत,
म्हणजे तसेही.
आठवड्याचे बाकी सहा दिवस केएमटीचे कंडक्टर.

चामड्याची पिशवी गळ्यात, पेन्सिल कानावर,
गंगावेशीतून गाडी सुटली की ओरडायचे
पूल, फाटा, वडणगे वडणगे वडणगे.
अंबाबाईला निघालेली एखादी म्हातारी चुकून चढली
तर हात धरून उतरवायचे,
"मावशी, ही न्हवं. समोरनं मिळंल."
ती दिसेनाशी होईस्तोवर बेल मारायचे नाहीत.
आणि रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून
तेच पप्पा उभे राहून वाचायचे
की वाट एकच आहे.
आवाजात कुठं फट नसायची.

स्टिअरिंगवर श्रीपती चौगुले. बावीस वर्षं.
काचेला जोतिबा.
चैत्र यात्रेनंतर पहिला पाऊस येईस्तोवर
वायपर फिरवला की काच गुलाबी व्हायची
आणि पप्पा मागून म्हणायचे, रस्ता दिसतोय न्हवं?

दर उत्तम शुक्रवारी, उपासना संपवून,
ते डेपोच्या कँटीनला जायचे, सुट्टी असून.
आधी घसा खाकरायचे.
"श्रीपा, तुझ्यासाठी पण मेला तो.
दुसरं दार असतं तर तुला दाखवलं नसतं का मी?"
चौगुलेमामा भज्याचा तुकडा मोडायचे,
बशीतल्या चहावर फुंकर घालायचे.
"शलमोन, तू डबल बेल मार.
गाडी कुठनं न्यायची ते माझ्यावर सोड."
दोघं हसायचे. पप्पा जरा कमी.

रात्रीच्या प्रार्थनेत नावं क्रमानं यायची,
आई, रूथ, मी, आजारी भास्करराव, पाळकसाहेबांचा गुडघा,
आणि आमेनच्या अगदी अलीकडे, हळू, चौगुले.
फाडून हातात धरलेलं तिकीट,
कुणी न घेतलेलं.

माघात सीपीआरच्या वॉर्डात, नाकात नळी असताना,
पप्पांनी पुन्हा एकदा घसा खाकरला.
मामांचं बोट चादरीवर हललं म्हणतात.
कधी म्हणतात, पंख्यानं चादरच हलली असेल.

पंचगंगेच्या काठाला शेणी रचल्या होत्या.
पप्पांनी घमेल्यानं शेणी वाहिल्या, वयाच्या सत्तराव्या वर्षी,
कोपरापर्यंत हात शेणकुटानं भरले.
पाणी पाजायच्या वेळी मात्र चार पावलं मागं सरले.
कुणी काही बोललं नाही.
मामांच्या थोरल्यानं, रणधीरनं, उलट
त्यांच्यासाठी खुर्ची मागवली.
ते बसले नाहीत.

माझ्या तोंडात सहावीपासूनचा प्रश्न होता,
तेव्हा रविवारच्या शाळेत विचारला
आणि बाईंनी खडू बदलला होता:
मग मामा कुठं?
आता विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं.
म्हणूनच नाही विचारलं.

धूर नदीकडं झुकला.
पप्पांचा डावा हात लोखंडी कठड्यावर,
लग्नाची अंगठी सैल झालेली.
टण टण.
दोनदाच.
मग हात खिशात घातला, रुमाल शोधतोय असा.

त्या रविवारी नेमका तोच उतारा होता.
पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, दुसऱ्या कुणाला सांगू?
पप्पा उठले होते आधीच.
एक शब्द गाळला नाही. एकच या शब्दावर
नेहमीइतकाच जोर.
वाचून पुस्तक मिटलं, जागेवर आले,
आणि बसायचं विसरले.
पेटी सुरू झाली, लोक उठले, गायले, बसले,
तरी ते उभेच, पाय फाकवून, किंचित डुलत,
एक हात वर,
जिथं धरायला दांडा नव्हता.