वयाचा दाखला

ओउलूत दुपारी तीनलाच काळोख.
चष्मा काढा. इर्मेली काढते.
डावीकडे बघा. आता उजवीकडे.
इतक्या अजिजीनं तिची हनुवटी
शेवटची कुणी वळवली?
दंतवैद्यानं, बहुधा.

जन्मसालाचं चाक बोटाखाली फिरतं,
नातू, घटस्फोट, कागदाची गिरणी,
गोठलेल्या नदीवर बापाची सायकल,
बावन्नला थांबतं.

‘वय ठरवता आलं नाही. उजेडात या.’

ती स्वयंपाकघरातला दिवा ओढून आणते,
सुरकुत्या पुढे करते
घासलेलं भांडं दाखवावं तशी.
घ्या मोजून.

दार उघडतं.
आत वेइक्को, नेहमीसारखाच पंचविशीचा,
दाट केस, हिरवा कोट.
त्यालाही आज दिवा ओढावा लागला असणार.
ती विचारत नाही.
तो म्हणतो, उशीर केलास.
हो, ती म्हणते,
केस वाळत नव्हते.