लाईन

घराचा पत्ता लाईन बाजार, कसबा बावडा,
आणि वडील लाईनमन.
त्यामुळं हा शब्द बाहेरनं आलाय
हे सातवीपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नाही.

लाईन यायची, लाईन जायची,
रुसून माहेरी गेल्यासारखी चार-चार तास.
गल्लीतनं हाक यायची,
"चौगुलेमामा, लाईन कवा यायची ओ?"
वडील अर्ध्या ताटावरनं उठायचे,
तिला खिशात घालून त्यांनीच घरी आणल्यासारखे.

रॉकेलच्या दुकानापुढंही लाईन.
हौसाबाईचा डबा उभा, मागं एक वीट,
विटेमागं कुणाची तरी डावी चप्पल.
माणसं सगळी लिंबाच्या सावलीत.
आमच्याकडं लाईन सरळच असते,
माणसं तिच्यात येईपर्यंत.

फुटबॉलच्या मैदानावर ती चुन्याची.
चेंडू आत होता का बाहेर, यावरनं
दोन तालमी पंधरा दिवस बोलल्या नाहीत,
आणि तो चुना तर
पहिल्या हाफमध्येच बुटांनी पुसला होता.

कुरणे सर म्हणायचे, "तुला लाईनीवर आणतो."
मामा म्हणायचा, "पोरगं लाईनीला लागलं,"
आणि त्याच पोराचं, दोन वर्षांनी,
"ह्या लाईनीत काय दम न्हाई लगा."

कॉलेजात मैत्रीण कानाशी लागली,
"इंद्रजित तुझ्यावर लाईन मारतोय."
मला डोळ्यापुढं दिसले ते
खांबावर चढलेले वडील,
पायात रबरी बूट, दातात पक्कड.
म्हटलं, मारू दे,
आधी सप्लाय बंद केलाय का विचार.

मग पापाच्या तिकटीपाशी
रद्दीच्या भावानं एक डिक्शनरी घेतली.
पुठ्ठा नाही. ए पासून के पर्यंत पानं नाहीत.
कुणाच्या तरी भेळेखाली गेली असणार.
सुरुवातच एलपासून.

दीड पान भरून लाईन.
रेघ. रांग. ओळ. वंश. सरहद्द. तार.
गळाची दोरी.
नटाला पाठ करावं लागतं ते वाक्य.
कपाळावरची आठी.
आणि तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात,
लॅटिन. लिनिया, म्हणजे दोरा.
तो लिनमपासून.
लिनम म्हणजे जवस.

जवस!
खोडाच्या वाखाचा दोरा वळायचे,
गवंडी तो ताणून धरायचा, भिंत सरळ यावी म्हणून.
बाकी सगळं, तार, रांग, वंश, इंद्रजित,
त्या एका दोऱ्याला नंतर पडलेल्या गाठी.

ताटं वाढली होती. मी वडिलांना वाचून दाखवलं.
ते घास हातात धरून बसले.
भाकरीवर चटणी. चटणी जवसाची.
"म्हंजे," ते म्हणाले,
"चाळीस वर्सं मी जवसावर चढत हुतो?"

आई म्हणाली, "दही घ्या, ठसका लागंल."

मग बऱ्याच वेळानं, विचारलं नसताना,
महापुराचं निघालं.
प्रयाग चिखलीच्या अलीकडं नाव,
नावेत चौघं,
आणि यांच्या कमरेला दोरी,
दुसरं टोक खांबाला.
"पाणी असं वडत हुतं..."
हातानं दाखवायला गेले, तर हातात घास.
"दोरी कशाची हुती कुणास ठाऊक.
नायलॉनची आसंल. जवसाची कोण देतंय?
तुटली न्हाई, यवढं खरं."

एवढ्यात लाईन गेली.

वडील सवयीनं उठले.
चप्पल पायानं चाचपली.
मग आठवलं असावं, रिटायर होऊन सहा वर्षं झाली.
अंधारात पाट सरकल्याचा आवाज आला,
ते परत बसले.

गल्लीतनं कुणीतरी नव्या पोराच्या नावानं ओरडलं.
आम्ही तिघं जेवत राहिलो.
माझ्या दाढेत एक जवस अडकला होता.
जीभ लावत बसले त्याला,
निघेना.