पाणसळ

हेडली वाफेचं यंत्र भिंतीला धरतो,
मी पत्र्याची पट्टी आत सारते,
आणि कागद सुटतो. कधी हातभर, एका दमात,
कधी नखाएवढा, हट्टी,
जणू त्याला अजून कुणाची तरी परवानगी हवीय.

आई एका मे महिन्याआड नवा कागद लावायची,
हात वर जाईनासे झाले तोवर.
न्यूफाउंडलंडचा लांबलचक हिवाळा, चुलीचा धूर,
काळवंडलेलं सगळं एका दिवसात झाकून मोकळी.
बादलीत मैद्याची कढत खळ,
आणि आम्ही दोघं टोकं धरून स्टुलावर,
श्वास रोखून.
आधी जुना कागद काढायचा असतो
हे तिला कुणी सांगितलं नसावं.
किंवा सांगितलं असेल.

सर्वांत वर बदामी, बिननक्षीचा:
बाबा गेले त्या वसंतातला.
त्याखाली द्राक्षांचे घोस, कॅटलॉगमधून मागवलेले;
तोवर आमच्या घरात द्राक्ष कुणी चाखलं नव्हतं.
मग नांगर आणि खलाशी.
‘हा मला फार आवडायचा,’ हेडली म्हणतो.
तू रडला होतास, हेडली. तुला घोडे हवे होते.
मग तेच खलाशी पुन्हा, स्वस्तात मिळाले म्हणून.
मग निळे पट्टे, त्याला गोवर आला ते वर्ष:
तापात तो पट्टे मोजायचा
आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा.

सात थर. आठवा गुलाबांचा.
आणि गुलाब सोलले तर खाली
रेघ.

तपकिरी, काठाला पांढुरकी,
खोलीभर फिरलेली.
खिडकीशी घोट्याएवढी,
चुलीच्या कोपऱ्यात गुडघ्याच्याही वर.
हेडली पाणसळ आणतो, रेघेवर टेकवतो.
बुडबुडा पळत एका टोकाला जातो.
‘वाकडी आहे,’ तो म्हणतो.

रेघ सरळ होती, हेडली.
वाकडं घर होतं.

सदुसष्टचा ऑगस्ट. तू पाच वर्षांचा.
अठरा घरांच्या बेटाला मास्तर परवडत नाही, डॉक्टर परवडत नाही,
असं सरकारचं पत्र आलं, आणि गाव उठलं.
लोक बिऱ्हाड उचलतात; आम्ही घर उचललं.
ओंडक्यांवरून उताराला, भरतीच्या पाण्यात,
खाली रिकामी पिंपं बांधून,
पुढे पाच मोटरबोटी, पहिलीत आम्ब्रोज काका.
खिडक्यांना पडदे तसेच.
आई बोटीत घराकडे तोंड करून बसली होती,
म्हणजे जायच्या गावाकडे पाठ.

चूल काढून घ्या, आम्ब्रोज काका म्हणाला होता,
त्या कोपऱ्याला भार होईल.
आईने काढू दिली नाही.

‘एक थेंब आत आला नाही.’
पन्नास वर्षं सांगितलं तिने.
पाद्र्याला, नर्सबाईला, शिरगणतीवाल्याला,
आणि काकाला तर दर नाताळात, केक कापता कापता.
तो मान हलवायचा. त्यानेच घर किनाऱ्याला लावलं होतं,
दार पहिल्यांदा त्यानेच उघडलं असणार.

गुलाब तिने लावले ते सप्टेंबरात.
एवढा एकच कागद मे महिन्यातला नाही.
आम्हाला आठवडाभर मावशीकडे ठेवलं होतं,
का, ते विचारायचं सुचलं नव्हतं.

मी रेघेवरून बोट फिरवते, जिभेला लावते.
खारट वाटतं. किंवा मला तसं वाटायला हवं असतं.

हेडली खाली बसलाय, ओल्या चिंध्यांमध्ये,
पाणसळ मांडीवर.
तिच्या अंत्यविधीला तो उभा राहून बोलला होता,
चर्च भरलेलं, आणि शेवटचं वाक्य:
एक थेंबसुद्धा नाही.
लोक हसले होते, डोळे पुसत.
आम्ब्रोज काका सोडून.

उद्या सकाळी माणूस येईल नवे तक्ते ठोकायला.
तो या भिंती बघेल, मग गावात जेवायला जाईल.

गुलाबांचा एक लांब तुकडा अजून अखंड आहे.
हेडली तो उचलतो, उजेडात धरतो,
मागची वाळलेली खळ अंगठ्याने खरवडतो.
मग, माझ्याकडे न बघता:

‘घरात मैदा आहे का गं?’